परदेशी शिकणारी आपली मुले आणि यजमानांचे मन

(संस्थेच्या वार्षिक गुणगौरव समारंभात केलेले भाषण. छापण्यापूर्वी किंचित विस्तार केला आहे.)



गुणगौरवाच्या दिवशी सेवानिवृत्त शिक्षकास बोलावयास उभे केले म्हणजे त्याने मुलांस अभ्यासाचे आणि पालकांस शिस्तीचे चार शब्द सांगून खाली बसावे, असा संकेत आहे. तो मी आजवर पाळीत आलो. आज मात्र क्षमा असावी. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. पुढे अध्यापनाचा अभ्यासक्रम पुरा करून छत्तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांतून मुले शिकविली. कॅनडा देश मी भिंतीवरच्या नकाशावर काठीने दाखविला. डोळ्यांनी पाहिला नाही. तरी त्या देशाविषयी बोलण्याचे धाडस करीत आहे. आपल्या विद्यार्थी साहाय्यक निधीच्या समितीवर मी नऊ वर्षे बसत आहे आणि त्या समितीत २०२१ साली मी केलेली एक सही अद्याप माझ्या मनातून जात नाही, हेच त्याचे कारण.

आधी त्या निधीच्या अर्जाची हकीकत सांगतो. संस्थेच्या लोखंडी कपाटात जुने छापील अर्ज आहेत. साठ वर्षांपूर्वीच्या अर्जात, परदेशी शिक्षणासाठी कर्ज मागणाऱ्याकडून एक हमी लिहून घेतली जात असे : शिक्षण पुरे होताच मी स्वदेशी परत येईन व यथाशक्ती ज्ञातीच्या उपयोगी पडेन. या हमीखाली सह्या केलेले अर्ज मोजून चारच सापडले. त्या काळी परदेशी जाणार तरी कोण! पुढे केव्हातरी, नवे अर्ज छापताना, ती ओळ गळाली. तसा ठराव झाल्याची नोंद मला इतिवृत्तात कोठे आढळली नाही. आणि गेल्या दहा-बारा वर्षांत तर समितीपुढे मुलगा आला की पहिला प्रश्न विचारला जातो तो असा, ‘तिथे पी. आर. मिळेल ना?’ मीही तो विचारला आहे. कारण उघड आहे. कर्जाची फेड डॉलरमधून व्हावयाची, म्हणून मुलगा तिकडे टिकला पाहिजे. ज्याला आपण एकेकाळी परत येण्याची शपथ घालीत होतो, त्याच्याकडून आता परत न येण्याची खात्री मागू लागलो.

पी. आर. म्हणजे काय, हे येथील मुलांना माझ्याहून अधिक ठाऊक आहे; परंतु मागे बसलेल्या आजी-आजोबांसाठी सांगतो. ‘पर्मनंट रेसिडेन्स’, म्हणजे कायम वास्तव्याचा हक्क. ते नागरिकत्व नव्हे, त्याच्या अलीकडची पायरी. विद्यार्थ्यास प्रथम शिकण्याचा परवाना मिळतो. शिक्षण झाल्यावर, अभ्यासक्रम पात्र असेल तर, जास्तीत जास्त तीन वर्षे काम करण्याचा परवाना मिळतो. त्या मुदतीत त्याने गुण जमवून कायम वास्तव्यासाठी उभे राहावयाचे. कॅनडाच्या २००१ सालच्या कायद्यातच असे लिहिले आहे की, तात्पुरता येणाऱ्याच्या मनात पुढे कायम राहण्याचा हेतू असला, तरी तेवढ्यावरून त्याला अडवू नये. मात्र परवान्याची मुदत संपताच तो देश सोडून जाईल, अशी अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. म्हणजे मुलाने एकाच अर्जात सांगावयाचे की, मला राहावेसे वाटते, आणि तरीही सांगाल तेव्हा मी जाईन. कायदेपंडितांना यात विसंगती दिसत नाही. मला दिसते. परंतु खरी गोष्ट अशी की यजमानांच्या मनातील दुटप्पीपणा त्या कायद्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवला आहे.

आता गुणांची रीत पाहा. जानेवारी २०१५ पासून तेथे एक पद्धत सुरू झाली. एकूण १२०० गुण. वय, शिक्षण, इंग्रजी वा फ्रेंच भाषेची परीक्षा, कामाचा अनुभव यांवर ते मिळतात. अमुक इतके गुण मिळाले की निवड झाली, असे नाही. सरकार वेळोवेळी निवडीची फेरी काढते आणि त्या दिवशी रेषा कोठे आखावयाची ते ठरविते. आम्ही शिक्षकांनी परीक्षा झाल्यावर उत्तीर्णतेचे गुण ठरविले असते, तर पालकांनी आम्हाला शाळेत फिरकू दिले नसते. येथे तसेच चालते, आणि त्याला कोणाची हरकत घेता येत नाही. घर त्यांचे आहे.

१३ फेब्रुवारी २०२१ रोजी ही रेषा ७५ गुणांवर आली. आपण बरोबर ऐकलेत, १२०० पैकी ७५. महामारीमुळे सीमा बंद होत्या, बाहेरून कोणी येऊ शकत नव्हते, आणि वर्षाचा आकडा तर भरावयाचा होता. म्हणून जे देशातच राहून काम करीत होते अशा २७,३३२ जणांस एका दिवशी निमंत्रण गेले. त्याच वर्षी मे महिन्यात तात्पुरत्या रहिवाशांसाठी एक खास योजना निघाली. तिच्या ९०,००० जागांपैकी ४०,००० जागा तेथे शिकलेल्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी होत्या, आणि त्या सुमारे एका दिवसात भरल्या. ही वार्ता आपल्या तालुक्यांपर्यंत पोहोचावयास वेळ लागला नाही. एजंटांच्या दुकानांवर फलक लागले. दुष्काळात एकदा टँकर आला की पुढच्या आठवड्यातही लोक रिकामे हंडे घेऊन त्याच जागी उभे राहतात. तसे आपले झाले.

ती माझी सही त्याच वर्षाच्या पावसाळ्यातील. मुलगा माझ्याच शाळेतला, बी. कॉम. झालेला, स्वभावाने सालस. वडिलांचे दोन एकर बागायती. ऑन्टारिओ प्रांतातील एका कॉलेजात व्यवसाय-व्यवस्थापनाचा दोन वर्षांचा डिप्लोमा. फी वर्षाला सुमारे पंधरा हजार डॉलर, आणि राहण्याखाण्याची तजवीज म्हणून आणखी दहा हजार डॉलर तेथील बँकेत आधीच भरावयाचे. त्या वेळच्या दराने पहिल्या वर्षाचेच पंधरा लाख झाले. बँकेने जमीन तारण घेतली, आपल्या निधीने दीड लाख बिनव्याजी दिले. समितीत एका सभासदाने विचारले होते की, बी. कॉम. झालेल्या मुलाने पदवीहून कमी दर्जाचा डिप्लोमा घ्यावयास समुद्रापार का जावे? प्रश्न अगदी योग्य होता. मीच त्यांना गप्प केले. मी म्हणालो, ‘शिक्षण हे निमित्त आहे हो, पुढचा मार्ग मोकळा होतो ना!’ शिक्षकाच्या तोंडून हे वाक्य गेले, ही गोष्ट मी आज सर्वांसमक्ष सांगत आहे.

मुलगा जानेवारी २०२२ मध्ये गेला. कॉलेज म्हणजे बाजारसंकुलातील वरचा मजला, खाली किराण्याचे दुकान. राहावयास तळघरातील खोली, सहा जणांत एक स्वयंपाकघर. आठवड्यास वीस तास काम करण्याची मुभा; ताशी साडेपंधरा डॉलर. मी त्याचे गणित मांडून पाहिले. वर्षाचे बावन्न आठवडे एकही खाडा न करता वीस-वीस तास राबला तर १६,१२० डॉलर होतात. म्हणजे फी भागली. भाडे, अन्न, बसभाडे, थंडीचा कोट हे सारे कोठून आणावयाचे? हे गणित सातवीतल्या मुलास घालता आले असते. मी सही करण्यापूर्वी ते मांडले नाही. आणि केवळ मीच चुकलो असेही नाही. दहा हजार डॉलर वर्षाच्या खर्चास पुरतात असे खुद्द तेथील सरकार वीस वर्षे मानीत आले होते. १ जानेवारी २०२४ पासून त्यांनी तो आकडा २०,६३५ केला आणि सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५. इतकी वर्षे कमी आकडा कागदावर ठेवून मुले बोलावली गेली, आणि उरलेला खर्च त्या मुलांनी रात्रपाळी करून भरला.

शिकत असता केलेले काम कायम वास्तव्याच्या अनुभवात मोजले जात नाही, हे त्याला तेथे गेल्यावर कळले. शिक्षणानंतर केलेले कामही विशिष्ट कौशल्याच्या श्रेणीतले असेल तरच मोजतात. गोदामात पेट्या उचलणे, दुकानात गल्ल्यावर बसणे, यांस तेथे मजुरी आहे, गुण नाहीत. एका उपाहारगृहात देखरेखीचे काम त्याला मिळाले, ते मोजण्याजोगे होते. मालकाने नोकरीच्या हमीचे अधिकृत पत्र दिले तर आणखी ५० गुण मिळावयाचे. मालकाने त्या पत्राची किंमत सांगितली. ती येथे सांगत नाही. त्या रकमेत आपल्याकडे एक मध्यमसा ट्रॅक्टर येतो. मुलगा महिनाभर विचार करीत राहिला. तेवढ्यात, २५ मार्च २०२५ रोजी, सरकारने ते ५० गुणच रद्द केले. कारण अशा पत्रांचा बाजार माजला होता. इकडे सर्वसाधारण निवडीची रेषा पाचशेच्या वर जाऊन बसली होती. परवान्याची मुदत शिल्लक असतानाच तो त्या वर्षीच्या दिवाळीपूर्वी परत आला.

त्याच्याविषयी पुढे बोलतो. आधी यजमानांच्या मनाकडे वळू, कारण नियम का बदलले हे त्यावाचून समजणार नाही.

कॅनडा हा सुमारे ४ कोटी लोकवस्तीचा देश. २०२३ च्या अखेरीस तेथे शिकण्याचा परवाना असलेले परदेशी विद्यार्थी दहा लाखांहून अधिक झाले, आणि त्यांत चार लाखांहून अधिक एकट्या भारतातले. त्याच वर्षी भाड्याच्या सदनिकांपैकी रिकाम्या सदनिका केवळ दीड टक्का उरल्या. १९८८ पासून ही मोजदाद होते, तेव्हापासूनचा हा नीचांक. एन्व्हायरॉनिक्स ही तेथील जुनी लोकमत-पाहणी करणारी संस्था आहे. देशात बाहेरून फार लोक येत आहेत, असे म्हणणारे तिला २०२२ साली शेकडा २७ आढळले, २०२३ साली ४४ आणि २०२४ साली ५८. दोन वर्षांत लोकमत दुप्पट फिरले. आता येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. असे म्हणणाऱ्यांनी सांगितलेली कारणे मुख्यतः घरांची टंचाई आणि महागाई ही होती. आपल्या वस्तीत बाहेरचे लोक आल्याने वस्ती बिघडली असे म्हणणारे त्याही वेळी थोडेच होते. म्हणून ‘गोरे लोक आमच्या मुलांचा द्वेष करू लागले’ हे जे आपल्याकडे सरसकट बोलले जाते, ते अर्धवट आहे. द्वेषही आहे, दक्षिण आशियाई लोकांविरुद्धच्या द्वेषमूलक गुन्ह्यांची पोलिसांकडील नोंद वाढली आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु ज्या बापास स्वतःच्या नव्याने लग्न झालेल्या मुलीसाठी दोन खोल्या मिळत नाहीत, त्याच्या तोंडून शेजारच्या तळघरातील सहा मुलांविषयी जे निघते ते सारे द्वेषाच्या खाती टाकणे मला न्यायाचे वाटत नाही.

मग ही मुले इतक्या संख्येने आली कशी? आपोआप आली नाहीत. त्यांना आणले गेले. ऑन्टारिओ प्रांताच्या सरकारने २०१९ साली स्थानिक विद्यार्थ्यांची फी दहा टक्क्यांनी उतरविली आणि तेथेच गोठविली. मतदार संतुष्ट झाले. कॉलेजांच्या उत्पन्नातील तूट मात्र सरकारने भरून दिली नाही. परदेशी विद्यार्थ्यांच्या फीवर बंधन नव्हते. त्या प्रांताच्या महालेखापरीक्षकांनी डिसेंबर २०२१ च्या अहवालात दाखवून दिले की, सरकारी कॉलेजांतील विद्यार्थ्यांत परदेशी शेकडा ३० आहेत, पण फीच्या उत्पन्नात त्यांचा वाटा शेकडा ६८ आहे. आणि त्या परदेशी विद्यार्थ्यांत शेकडा ६२ भारतीय. म्हणजे तिकडच्या मध्यमवर्गीय मुलाची फी स्वस्त राहिली ती आपल्या दोन एकर बागायतीच्या जिवावर. ज्या दिवशी गर्दी डोळ्यांवर आली, त्या दिवशी मात्र त्या प्रांताच्या मंत्रिमंडळाकडे कोणी बोट दाखविले नाही. बोट दाखविले ते बसथांब्यावर उभ्या असलेल्या मुलाकडे. २०२३ च्या अखेरीस ब्रॅम्प्टन शहरातील मोफत शिधा देणाऱ्या एका केंद्राने परदेशी विद्यार्थ्यांस शिधा देणे बंद केले. केंद्राचे म्हणणे असे की, ही मुले स्वतःचा खर्च भागविण्याची हमी देऊन आली आहेत. कागदोपत्री ते खरेही होते.

पुढचे सारे झपाट्याने घडले. बनावट प्रवेशपत्रांवर गेलेल्या पंजाबी विद्यार्थ्यांचे प्रकरण २०२३ साली गाजले. त्यातला एजंट पकडला गेला, त्याला शिक्षाही झाली. १ डिसेंबर २०२३ पासून प्रत्येक प्रवेशपत्र कॉलेजाकडून पडताळून घेण्याचा नियम आला. तेव्हाच्या खात्याच्या मंत्र्यांनी, मार्क मिलर यांनी, पदविका छापून देणाऱ्या कॉलेजांची तुलना कुत्र्याच्या पिलांची पैदास करणाऱ्या धंद्याशी केली. टीका कॉलेजांवर होती, पण ती पदविका हाती असलेल्या मुलांना ती कशी लागली असेल याची कल्पना करा. २२ जानेवारी २०२४ रोजी परवान्यांवर मर्यादा जाहीर झाली. त्या वर्षी सुमारे ३,६०,००० परवाने, म्हणजे आधीच्या वर्षाहून शेकडा ३५ कमी. २०२५ साली ती आणखी खाली आणली, आणि २०२६ सालासाठी नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांचे लक्ष्य १,५५,००० वर ठेवले. कायम वास्तव्याचा वर्षाचा आकडा पूर्वी ५ लाखांपर्यंत नेण्याचे घाटत होते. तो २०२५ साठी ३,९५,००० केला. आणि गंमत पाहा, मुले येईनाशी होताच ऑन्टारिओतील कॉलेजांना शेकडो अभ्यासक्रम बंद करावे लागले, हजारो नोकऱ्या गेल्या. तेथील एखाद्या अध्यापकाला आता आपली मुले आठवत असतील.

त्या देशाला हे नवे नाही, इतके सांगून पुढे जातो. १९०८ साली त्यांनी असा नियम केला की, मायदेशातून निघून वाटेत न थांबता थेट आलेल्यासच उतरू द्यावे. भारतातून तसे थेट जहाज नव्हतेच. १९१४ साली कोमागाता मारू जहाज ३७६ प्रवाशांसह व्हँकूव्हरच्या बंदरात दोन महिने अडकून पडले आणि बहुतेकांस परत पाठविले गेले. १९६७ साली त्याच देशाने वंश व राष्ट्रीयत्व न पाहता गुणांवर निवड करण्याची पद्धत आणली, आणि २०१६ साली त्यांच्या पंतप्रधानांनी संसदेत कोमागाता मारूबद्दल क्षमा मागितली. दार उघडते, मिटते, पुन्हा उघडते. एका मुलाच्या उमेदीची वर्षे मात्र तीन-चारच असतात.

आता हे सारे ऐकून आपण मान डोलावीत आहात, हे मला येथून दिसते. परक्यांच्या दोषांची चर्चा ऐकावयास गोड लागते. तेव्हा थोडे घरचे बोलतो.

बाहेरगावच्या विद्यार्थ्यास खोली न मिळणे ही गोष्ट आपण परदेशात जाऊन शिकलेलो नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या जातींची वसतिगृहे उभी करविली ती का? खेड्यातून शिकावयास आलेल्या मुलास शहरात कोणी ओसरी देत नव्हते म्हणून. पुण्यातील आपले वसतिगृह आपल्या वाडवडिलांनी वर्गणी काढून बांधले, तेही याच कारणाने. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. परत येऊन दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याचा करार होता, त्याप्रमाणे ते १९१७ साली बडोद्यास रुजू झाले. न्यूयॉर्कात अभ्यास करून राहिलेल्या या विद्वानास बडोद्यात भाड्याने खोली मिळेना. नाव लपवून एका पारशी निवासात राहावे लागले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने तेथूनही त्यांना बाहेर काढले. या आठवणी त्यांनी ज्या टिपणांत लिहून ठेवल्या, त्यांचे नाव ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’, म्हणजे परवान्याची प्रतीक्षा. ज्याच्या देशात तो मागावयाचा तो देश त्यांचा स्वतःचाच होता. अलीकडचेही सांगतो. २००८ साली रेल्वे भरतीच्या परीक्षेसाठी मुंबई परिसरात आलेल्या उत्तरेकडील उमेदवारांना परीक्षा केंद्रांवर मारहाण झाली. ती परीक्षा देणारी मुले होती, आणि मारणारे ‘आमच्या नोकऱ्या घेतात’ असे म्हणत होते. ब्रॅम्प्टनच्या बसथांब्यावर आपल्या मुलास जे ऐकावे लागते, त्यातले एक अक्षरही यापेक्षा निराळे नाही.

आणि एक गोष्ट आपल्या संस्थेची. सरकारी पाहणीप्रमाणे २०२१-२२ साली भारतात सुमारे ४७,००० परदेशी विद्यार्थी शिकत होते. त्यांतले अनेक पुण्यात असतात. आपला देश त्यांना शिकता शिकता नोकरी करू देत नाही, आणि शिक्षण संपल्यावर राहण्याचा मार्गही दाखवीत नाही. गेल्या वर्षी जूनमध्ये सुदानचा एक विद्यार्थी आपल्या वसतिगृहात खाट मिळेल का, असे विचारीत आला. चौदा खाटा रिकाम्या होत्या. त्याच्या देशात युद्ध चालू, घरून पैसे येणे थांबलेले, पहिल्या घरमालकाने जागा सोडावयास सांगितलेली. आपण घटनेतील कलमावर बोट ठेवले, की हे वसतिगृह ज्ञातीतील मुलांसाठी आहे, आणि त्याला चहा देऊन परत पाठविले. त्या बैठकीला मी हजर होतो. मी बोललो नाही. कलम खरेच तसे आहे. बोलून काय उपयोग, असे मनाशी म्हणालो. कॅनडाचा अधिकारीही नियमावरच बोट ठेवतो.

आता परत आलेल्या मुलाविषयी. त्याच्या परतण्याला आपण काय नाव दिले, ते आठवून पाहा. ‘हात हलवीत आला.’ लग्नाच्या बोलण्यांत त्याच्या आईस विचारले गेले की, तिकडे काही भानगड तर झाली नाही ना? आपल्या निधीने दुसऱ्याच महिन्यात हप्त्याची आठवण देणारे पत्र धाडले. त्या पत्राचा मसुदा शुद्ध करून देण्याचे काम, माझे मराठी बरे म्हणून, माझ्याकडेच आले. मुलगा एकही नियम मोडून आला नाही. परवान्याच्या मुदतीपलीकडे लपून राहिला नाही, लाच देऊन पत्र घेतले नाही. ज्याने सांगितल्याप्रमाणे अभ्यास केला, सांगितल्याप्रमाणे काम केले आणि हिशेब जमत नाही असे पाहून तो घरी आला, त्यास आपण नापास ठरविले. साठ वर्षांपूर्वीच्या अर्जाप्रमाणे पाहिले असते तर सर्व अटी पुऱ्या करणारा हाच. त्याला परक्या देशाने जाण्यास सांगितले तेव्हा वाईट वाटले असेल, पण त्याने मला सांगितले ते असे, ‘गुरुजी, तिथे मी विद्यार्थी होतो, परका होतो, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते. गावच्या एस. टी. स्टँडवर उतरलो तेव्हा लोक ज्या नजरेने पाहू लागले, तिची तयारी नव्हती.’

मी समितीपुढे काही सूचना ठेवणार आहे, त्या सभासदांना आधी कळाव्यात म्हणून येथे सांगतो. पी. आर. मिळेल का, हा प्रश्न मुलाखतीतून काढून टाकावा. त्याचे उत्तर मुलास, एजंटास, किंबहुना तेथील मंत्र्यांसही देता येत नाही. त्याऐवजी विचारावे की, उद्या परत यावे लागले तर या शिक्षणाची येथे काय किंमत होईल? पहिल्या वर्षाचा संपूर्ण खर्च, तेथील मजुरी न धरता, हाती आहे की नाही याचा कागद घ्यावा. पोट भरणारी जमीन तारण टाकून जाणाऱ्यास निधीने कर्ज देऊ नये. हे कठोर वाटेल, परंतु त्या मुलाच्या वडिलांसमोर बसून आलेला मी माणूस आहे. परत आलेल्यास हप्त्यांची दोन वर्षे सवलत द्यावी. वसतिगृहाच्या घटनेतील कलमात दुरुस्ती करून रिकाम्या खाटांपैकी दोन परदेशी वा परप्रांतीय विद्यार्थ्यांस द्याव्या, ही सूचना मात्र मला सर्वसाधारण सभेपुढेच आणावी लागेल, आणि तिला विरोध होणार हे मी धरून चालतो. विरोध करणाऱ्यांपैकी दोघांची नातवंडे आज टोरंटोत आहेत. त्यांच्याशी मी एकेकट्याने बोलणार आहे.

तो मुलगा आज या सभागृहात आला आहे. नाव सांगत नाही, त्याचीच तशी इच्छा आहे. सध्या तो तालुक्याच्या गावी एका दूध संकलन केंद्राचे हिशेब पाहतो आणि बँकेचा हप्ता भरतो. आपलाही भरतो, एकही चुकलेला नाही. भोजनानंतर तो आणि मी कार्यालयाच्या खालच्या खोलीत चार वाजेपर्यंत बसणार आहोत. फीच्या, भाड्याच्या, मजुरीच्या सर्व पावत्या त्याने जपून ठेवल्या आहेत, त्या पाहता येतील. ज्यांचे अर्ज यंदा समितीपुढे आहेत त्यांनी, मुलाला घेऊन, अवश्य यावे. जायचे ठरले असेल तरी यावे. कोठली खोली घेऊ नये, थंडीचे कपडे येथून न्यावे की तेथे घ्यावे, हेही तो सांगेल.

चिटणीसांनी दोनदा घंटा वाजविली, तेव्हा आपली रजा घेतो.